लकव्यानंतर बाबांचा उजवा हात आणि धंतोलीचं हे रिहॅब सेंटर

५ पैकी ४ स्टार. एक का कापला ते पुढे सांगते, पण आधी हे वाचा की घरात कोणाला लकवा मारला असेल, पाय हळूहळू चालायला लागला असेल आणि हात मात्र तसाच लटकून राहिला असेल, तर इथे एकदा दाखवाच. चालायला शिकवणारे फिजिओ नागपुरात गल्लोगल्ली आहेत, पण हातावर आणि त्यातही बोटांवर इतकं मन लावून काम करणारी जागा आम्हाला तरी दुसरी सापडली नाही.

बाबांचं नागपूरच्या महाल भागात टेलरिंगचं दुकान. शर्ट-पॅन्ट आणि सीझनमध्ये लग्नाचे सूट. वय ६३, बीपी जुनं, गोळी मनात आलं तर घ्यायची नाही तर नाही. मागच्या वर्षी पोळ्याच्या आसपास सकाळी उठले तर उजवी बाजू गेलेली, तोंड जरासं वाकडं, बोलणं जड. रात्री झोपेत कधी झालं कोणालाच माहीत नाही, त्यामुळे गुठळी विरघळवायचं ते साडेचार तासांच्या आत द्यायचं इंजेक्शन पण देता आलं नाही. एमआरआयमध्ये आलं की मेंदूच्या डाव्या बाजूला आत खोल छोटासा इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न पोचल्याने मेलेला भाग, आहे. डॉक्टर म्हणाले छोटा आहे, जीव वाचला, बाकी फिजिओथेरपीने येईल. पाय आला पण. काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जायला लागले. हात मात्र काही केल्या येईना, आणि ज्या माणसाने आयुष्यभर त्या हाताने कात्री चालवली त्याला रोज तो हात मांडीवर ठेवून बसलेला बघणं काय असतं ते ज्यांच्या घरी झालंय त्यांनाच कळेल.

इथे यायच्या आधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी जात होतो, नाव लिहीत नाही. तिथे शेक द्यायचे, मग पेटीचा करंट, मग एक मुलगा हात धरून वरखाली करायचा, मग छतावरच्या पुलीला हात बांधून दुसऱ्या हाताने ओढायला लावायचे. बाबा त्या वेळात भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत बसायचे. हात काही आला नाही, खांदा मात्र दुखायला लागला, इतका की त्या कुशीवर झोपता येईना.

इथे पहिल्या दिवशी व्यायाम वगैरे काही झालाच नाही, फक्त तपासणी, आणि ती इतकी लांबली की आईला वाटलं काहीतरी सिरीयस निघालं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या मॅडम, आणि फिजिओ सर दोघंही बसले होते. खांदा बघितल्याबरोबर सर म्हणाले की दंडाचा गोळा खोबणीतून खाली सरकलाय, कारण त्याला वर धरून ठेवणारे स्नायूच ढिले पडलेत आणि हाताचं सगळं वजन सांध्यावर लोंबतंय, त्यामुळे आजपासून पुली बंद, आणि उठवताना काखेत हात घालून ओढणं तर एकदम बंद. बसल्यावर हाताखाली उशी, झोपताना पण उशी. आधी कोणी हे सांगितलंच नव्हतं.

मग मी विचारलं की सर, डॉक्टर तर छोटा स्ट्रोक म्हणाले, मग अख्खा हात कसा काय गेला? मॅडमनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरून दाखवलं. मेंदूच्या वरच्या पट्टीत हात हलवायची ऑर्डर तयार होते, तिथून धागे खाली उतरतात, एका बाजूचे साधारण १० लाख, आणि मानेच्या वर मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाला त्यातले ८५ ते ९० टक्के बाजू बदलून पलीकडे जातात, म्हणून डाव्या मेंदूतल्या बिघाडाने उजवा हात जातो. पण बाजू बदलायच्या आधी हे सगळे धागे इंटर्नल कॅप्सूल नावाच्या अगदी अरुंद जागेतून एकत्र जातात. बाबांचा इन्फार्क्ट बरोबर तिथे. नागपूरवाल्यांना एका वाक्यात सांगायचं तर लोहापूल बंद पडला, शहर सगळं ठीक आहे पण इकडचं तिकडे जाता येत नाही. हाताचे स्नायू शाबूत, मणक्यातून हाताकडे येणाऱ्या नसा शाबूत, ऑर्डर देणारा मेंदूचा भाग पण शाबूत, फक्त ऑर्डर पोचत नाही. मॅडम म्हणाल्या म्हणूनच नुसत्या हाताला मालिश करून भागणार नाही, तुटलेल्या रस्त्यातून जे थोडे धागे वाचलेत त्यांच्यावरून मेंदूला पुन्हा पुन्हा ऑर्डर पाठवायला लावावी लागेल, आणि ते काम बाबांनाच करायचंय, आम्ही फक्त मदत करू.

त्यांच्या हॉलमध्ये एक मोठं चित्र लावलंय, मेंदूच्या पट्टीवर शरीराच्या कोणत्या भागाला किती जागा मिळते त्या मापाने काढलेला माणूस, हात आणि ओठ अवाढव्य आणि पाठ-पोट एवढंसं. पेनफील्ड आणि बोल्ड्री या दोघांनी १९३७ साली, जागे असलेल्या पेशंटच्या मेंदूला ऑपरेशनच्या वेळी हलका करंट लावून कुठे लावल्यावर काय हलतं ते छापलं, त्यावरून हे चित्र आलं. बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत होते आणि मग म्हणाले, हा माणूस टेलरच असला पाहिजे. आजारपणानंतर ते पहिल्यांदा असं काही बोलले.

मला सगळ्यात जास्त पटलं ते जांभईचं. घरी बाबांना जांभई आली की तो लुळा हात आपोआप वर उचलला जायचा, छातीपर्यंत, आणि जांभई संपली की खाली. काका म्हणाले बघा हात येते, हेच मुद्दाम करून नाही राहिले. बाबांना त्याचा इतका राग यायचा, डोळ्यांत पाणी यायचं. मॅडमना सांगितलं तर त्यांना अजिबात नवल वाटलं नाही, म्हणाल्या की इंटर्नल कॅप्सूलच्या स्ट्रोकमध्ये हे दिसतं, जांभई मेंदूच्या देठातून येते, तो जुना रस्ता वेगळा आहे आणि तो उघडा आहे, आपण ठरवून हात उचलतो तो रस्ता वेगळा आणि तो तुटलाय. यात आळशीपणाचा काही संबंध नाही. त्यांनी हे काकांना स्पीकरवर फोन लावून समजावलं! त्या एका फोनसाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे.

आता बोटांचं. आम्हाला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने स्माईलीचा बॉल आणून दिला होता, दाबत राहा म्हणून. इथे पहिल्याच आठवड्यात बॉल बाजूला ठेवला. कारण बाबांची मूठ वळत होती, किंबहुना वळलेलीच राहत होती, अडचण होती ती उघडण्याची. स्ट्रोकनंतर आधी हात एकदम ढिला असतो, मग हळूहळू ताठरपणा येतो आणि हालचाल येते ती एका ठराविक साच्यात येते, खांदा उचलला की कोपर आपोआप वाकतं आणि बोटं मिटतात. ट्विचेल नावाच्या डॉक्टरने १९५१ मध्येच हा क्रम लिहून ठेवला, पुढे ब्रुनस्ट्रॉम नावाच्या फिजिओने त्याच्या पायऱ्या पाडल्या, फाईलवर ब्रुनस्ट्रॉम स्टेज म्हणून जे लिहितात ते तेच. कारण असं की वरचा बारीक कामाचा रस्ता तुटला की मेंदू देठातल्या जुन्या रस्त्यांवर जास्त भिस्त ठेवतो, आणि त्या रस्त्यांना एक-एक बोट वेगळं हलवता येत नाही, ते एकदम गठ्ठ्याने स्नायू ओढतात, आणि हातात मिटणाऱ्या स्नायूंना जास्त. त्यामुळे समोरचा ग्लास घ्यायला बाबा हात पुढे करायचे आणि ग्लासपाशी पोचेपर्यंत मूठ घट्ट बंद. नातेवाईक म्हणायचे वा, ताकद आली. ती ताकद कामाची नव्हती.

यावर इथे काय करतात ते बघण्यासारखं आहे. हाताचं वजन काढून घेतात. टेबलावर गुळगुळीत सनमायका, त्यावर चाकं लावलेली छोटी पाटी, तिच्यावर हात ठेवायचा, किंवा वरून पट्ट्यात हात टांगायचा. खांद्याला उचलायचं काम राहिलं नाही की कोपर आणि बोटं तेवढी मिटत नाहीत, आणि मग त्या स्थितीत बोटं उघडायचा प्रयत्न करायचा. जसजसं जमेल तसतसा आधार कमी कमी करत न्यायचा, म्हणजे शेवटी स्वतःच्या खांद्यावर हात उचलूनही बोटं उघडी ठेवता आली पाहिजेत. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, टेबलावर हात ठेवला की बाबांची दोन बोटं उघडायची आणि तोच हात हवेत उचलला की नाही.

करंटची पेटी इथे पण आहे, पण वापर वेगळा. हाताच्या मागच्या बाजूला, जिथे बोटं उघडणारे स्नायू आहेत तिथे पट्ट्या चिकटवतात, मशीन त्या स्नायूंमधला विजेचा बारीकसा सिग्नल पकडतं, आणि बाबांनी स्वतः उघडायचा प्रयत्न केला तरच करंट देऊन बोटं पूर्ण उघडून देतं. प्रयत्न नाही तर करंट नाही. टीव्ही बघत बसायची सोयच नाही. माझ्या भावाने ऑनलाईन तो हवेने बोटं उघड-मिट करणारा ग्लोव्ह मागवला होता, महागाचा, त्याबद्दल विचारलं तर फेका म्हणाले नाहीत, म्हणाले वापरा पण प्रत्येक वेळी ग्लोव्हच्या आधी बाबांनी मनातून उघडलं पाहिजे, नुसतं मशीनने उघडू दिलं तर सांधे मोकळे राहतील, पण मेंदूला त्यात काही शिकायला नाही.

आणि मोजणं. हे लोकं सगळं मोजतात. जपाचं ते बोटात घालायचं काउंटर असतं ना, ते आईच्या बोटात घातलं आणि सांगितलं प्रत्येक प्रयत्नाला एक क्लिक. मॅडमनी सांगितलं की २००९ च्या एका पाहणीत थेरपीच्या सेशनमध्ये हाताच्या कामाची सरासरी फक्त ३२ वेळा पुनरावृत्ती निघाली होती, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला रोज शेकड्याने पुनरावृत्ती लागली होती. म्हणून इथे शेकड्याने करून घेतात. बाबा दमतात, मध्ये झोपतात पण, तिथेच एक कॉट आहे, त्याचं कोणी वाईट वाटून घेत नाही.

आरशाचं पण केलं. दोन हातांच्या मध्ये आरसा उभा, लकव्याचा हात आरशामागे, चांगला हात समोर, आणि आरशात बघत दोन्ही हात उघडायचे, म्हणजे डोळ्यांना वाटतं उजवा हातच उघडतोय. आधी हे रामचंद्रन यांनी हात कापलेल्या माणसांच्या त्या नसलेल्या हातातल्या वेदनेसाठी १९९० च्या दशकात काढलं होतं, मग स्ट्रोकसाठी वापरायला लागले. आमच्याकडे दुकानातला छोटा आरसा होताच, तोच घरी लावला. याने किती फरक पडला ते मला वेगळं काढून सांगता येणार नाही कारण सगळंच एकत्र चालू होतं, पण बाबांना ते करायला आवडायचं आणि खर्च शून्य.

बोटं थोडी उघडायला लागल्यावरच त्यांनी चांगल्या हाताला मोजा घालायची थेरपी सुरू केली. याच्या मागे एडवर्ड टॉब नावाच्या शास्त्रज्ञाचं काम आहे, की लकव्यानंतर माणूस सुरुवातीला हात वापरून बघतो, जमत नाही, मग वापरणंच सोडतो, आणि पुढे थोडं बरं झाल्यावरही मेंदू त्या हाताला विसरलेलाच राहतो. २००६ मध्ये अमेरिकेत २२२ पेशंटवर मोठी ट्रायल झाली, स्ट्रोक होऊन ३ ते ९ महिने झालेले लोकं, २ आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ चांगल्या हातात मोजा आणि वाईट हाताकडून काम, आणि फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. पण हे सगळ्यांसाठी नाही, मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून उघडत असतील तरच, नाही तर माणूस नुसता वैतागतो. आणि चालताना, जिन्यावर, बाथरूममध्ये मोजा काढायचाच, तोल गेला तर धरायला हात पाहिजे. बाबांकडून त्या वेळी तुरीच्या शेंगा सोलून घेतल्या, कणकेचे गोळे, चेन लावणं, टाचण्या डब्यात टाकणं. घरी हिवाळाभर शेंगा सोलायला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही त्यांनी.

मग कात्री. मॅडमनी पहिल्या दिवशीच विचारलं होतं की तुम्हाला या हाताने नेमकं काय करायचंय, बाबा म्हणाले कापड कापायचंय. तर त्यांनी कात्रीचं काम तोडून तोडून शिकवलं. कात्री मिटायला ताकद लागते ती बाबांकडे होती, उघडायला अंगठा आणि बोटं लांब न्यावी लागतात ती नव्हती, म्हणून आधी स्प्रिंगची, आपोआप उघडणारी कात्री दिली आणि कागद कापायला लावले, मग स्प्रिंग काढली, मग अस्तर, मग कॉटन. आज बाबा मोठ्या कात्रीने सरळ रेषेत अस्तर कापतात, हळू, मध्ये थांबून. गोलाई अजून जमत नाही, काज-बटन तर नाहीच, आणि सुई धरता येते पण ओवायचं काम दुकानातला मुलगाच करतो. खडूने मार्किंग करतात. ६६ मार्कांची एक हाताची टेस्ट असते, फुगल-मायर, ती हे दर महिन्याला घेतात आणि कागद आपल्या हातात देतात, बाबांचे सुरुवातीला १८ होते, आता ४१ आहेत.

हे १०० टक्के नाही, आणि इथे कोणी १०० टक्के म्हणालं पण नाही. पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की आपोआप होणारी सुधारणा सगळ्यात जास्त पहिल्या ३ महिन्यांत असते, ६ महिन्यांनंतर वेग खूप कमी होतो, थांबतंच असं नाही, पण मेहनत जास्त आणि फळ थोडं. ज्यांना पहिल्या काही दिवसांत बोटं जराशी उघडता येतात आणि खांदा बाजूला उचलता येतो त्यांचा हात कामाला येण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते, ज्यांना दोन्ही जमत नाही त्यांचं कठीण असतं, हे पण स्पष्ट बोलले. आईला त्या दिवशी वाईट वाटलं. पण मला वाटतं हेच खरं वागणं आहे. लकव्याच्या नावाने आपल्याकडे काय काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे, कोणी तेल सांगते, कोणी कुठल्या गावचा काढा, आमच्या एका नातेवाईकाने तर कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. त्यात जे आठवडे जातात ते नेमके पहिले आठवडे असतात, आणि ते परत मिळत नाहीत. कृपा करून ते करू नका.

बोटांचा ताठरपणा मध्ये खूप वाढला तेव्हा यांनी बाहेरच्या डॉक्टरकडे बोटॉक्सच्या इंजेक्शनसाठी पाठवलं. ते नसेकडून स्नायूला जाणारा सिग्नल अडवतं, असर साधारण ३ महिने राहतो, आणि तेवढ्या वेळात उघडायचा सराव जोरात करून घ्यायचा असतो, नुसतं इंजेक्शन घेऊन घरी बसलं तर पैसे वाया.

आता तक्रारी, म्हणजे तो एक स्टार. धंतोलीत पार्किंगचं काय सांगायचं, संध्याकाळी तर पेशंटला रस्त्याच्या मधोमध उतरवावं लागतं आणि मागून हॉर्न. लिफ्ट इतकी छोटी की व्हीलचेअर तिरपी करून घालावी लागते, आणि टॉयलेटमध्ये धरायला दांडा नाही. लकव्याच्या पेशंटच्या सेंटरमध्ये दांडा नसणं मला अजिबात पटलं नाही, दोनदा सांगितलं, करू म्हणाले, अजून केलं नाही. घरी करायच्या व्यायामाचा कागद इंग्रजीत छापलेला देतात, बाबा इंग्रजी वाचत नाहीत, मागितल्यावर मॅडमनी हाताने मराठीत लिहून दिला आणि सुंदर लिहून दिला, पण तो छापूनच ठेवा ना. इंटर्न मुलं-मुली बदलत राहतात, चांगली आहेत, पण प्रत्येक नव्या मुलाला खांद्याचं पुन्हा सांगावं लागतं. फी आधीच्या ठिकाणापेक्षा जास्त आहे, आणि आमच्या मेडिक्लेममध्ये ओपीडीची थेरपी बसली नाही, सगळा खर्च खिशातून. ज्यांना परवडत नाही त्यांनी मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला जावं, तिथे ऑक्युपेशनल थेरपीचं जुनं कॉलेज आहे, मिहानच्या एम्समध्ये पण रिहॅबचा विभाग आहे, गर्दी असेल पण घरी बसण्यापेक्षा हजारपट चांगलं. हे मला इथल्याच रिसेप्शनवरच्या ताईंनी एका दुसऱ्या पेशंटला सांगताना ऐकू आलं, म्हणजे गिऱ्हाईक जाईल याची पर्वा न करता सांगत होत्या.

जाणार असाल तर एमआरआयची फिल्म आणि डिस्चार्जचा कागद सोबत न्या, नुसता रिपोर्ट नको, फिल्म बघतात ते. पेशंटला ढिला, समोरून बटनाचा हाफ शर्ट घाला, टी-शर्ट काढताना खांदा ओढला जातो. मेट्रोने यायचं असेल तर काँग्रेसनगर स्टेशनवर उतरून पुढे ई-रिक्षा. सकाळची वेळ मागून घ्या, दुपारच्या बॅचला एप्रिल-मेमध्ये येता येताच पेशंट गळून जातो आणि अर्धी थेरपी पाणी पिण्यात जाते. घरातलं एक माणूस रोज सोबत बसेल असं बघा, कारण ते शिकवतात पेशंटला आणि सोबतच्याला दोघांनाही, आणि जपाचं काउंटर बाजारातून आधीच आणून ठेवा, तिथे मागितलं तर देतात पण मोजकेच आहेत.